गाडी दाराशी फुल असते

नाना,

तुम्ही गेल्यावर पहिले चार दिवस वाचनालयात तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. पाचव्या दिवशी एक निवृत्त गुरुजी येऊन बसले, पेपर उघडला आणि मग एकदम अर्धवट उठून मला विचारलं, "बसू ना ताई?" मी म्हटलं, बसा की. तुम्हाला राग आला नसता. रिकामी सीट आणि शेजारी उभा माणूस, हे तुम्हाला कधी सोसलंच नाही.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतायत आणि ते ऐकून मला जरा वैतागच येतोय. परवा कुणीतरी 'देवमाणूस' म्हणालं. तुम्ही काही देवमाणूस नव्हता. हट्टी होता, चहा गार असला तर कप परत पाठवायचा, आणि पेपरातलं शब्दकोडं पेनानं चुकीचं भरून दुसऱ्यांची पंचाईत करायचा. तुमच्याशी जेवढं भांडले तेवढं मी माझ्या नवऱ्याशीही भांडलेली नाही. म्हणून तर लिहायला बसले. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच राहिली.

भांडणाचं मूळ म्हणजे आपलं शिबिर. पुण्याच्या एका संस्थेनं कळवलं होतं की परंड्यात मुलांसाठी खेळ बनवण्याचं शिबिर घ्यायचं असेल तर आम्ही माणूस पाठवू. चौदा ते वीस वयाची मुलंमुली जमवायची. त्यांनी आपल्या गावातला, आपल्याला खुपणारा एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर खेळ तयार करायचा. पुठ्ठ्याचा, पत्त्यांचा, जमलंच तर मोबाईलवरचा. मी फोनवर बोलत होते आणि तुम्ही पेपरच्या आडून ऐकत होता. फोन ठेवला तसा पेपर खाली आला.

"गेम? ताई, पोरं आधीच मोबाईलमधी मान घालून बसल्यात. आन् तुमी आनखी नवे काढायला निघाल्या व्हय?"

"खेळायचे नाहीत नाना, बनवायचे आहेत."

"बनवनार ही पोरं. खेळनार कोन मग?"

या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधायच्या मागं लागलात आणि तिथून आमच्यातलेच होऊन बसलात. कुणी नेमलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला तालुक्यातलं कुठलं गाव परकं? कुठल्या गावात कुणाला सांगितलं म्हणजे पोरीला घरातून सोडतील, हे तुम्हाला पाठ होतं.

पुण्याहून निखिल आला तो दिवस आठवतोय? गोड पोरगा, पण आल्या आल्या म्हणाला की सलग अठ्ठेचाळीस तासांचा कार्यक्रम असतो, मुलं तिथंच राहतात, सगळीकडं असंच करतात आणि त्यातच खरी मजा असते. तुम्ही शांतपणे विचारलंत, "पोरीबी?" तो म्हणाला, अर्थातच.

"मंग एकबी न्हाय येनार. मुक्कामाला कोन सोडतंय?"

निखिलचं तोंड उतरलं. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत, पेपरच्या कोऱ्या कडेवर भागाकार केलात आणि तो कागद त्याच्यापुढं सरकवलात. "आठ दिवस. रोजचे सा तास. धा-वीसला चालू, चार-वीसला बंद. अठ्ठेचाळीसच झालं का न्हाय? सलग कशाला पायजेत, लांब पल्ल्याची गाडी हाय का ही?"

धा-वीस का, तर सगळ्या बाजूच्या गाड्या तोवर स्टँडला लागलेल्या असतात. चार-वीस का, तर पाचच्या गाड्या चुकता कामा नयेत. आमच्या शिबिराचं वेळापत्रक तुम्ही बसच्या वेळापत्रकावरून काढलंत, आणि म्हणूनच निम्म्याहून जास्त मुली आल्या. निखिलनं नंतर मला सांगितलं की आता तो दुसरीकडंही असंच आठ दिवसांचं करतो. तुमच्या नावानं नाही सांगत, पण करतो.

तुमचा तो तिकिटं पंच करायचा जुना चिमटा! भंगारात निघालेला तुम्ही जपून ठेवला होतात. प्रत्येक मुलाच्या गळ्यात नावाचं कार्ड होतं आणि तुम्ही दाराशी उभे राहून रोज त्याला एक भोक पाडायचात. आठ भोकं म्हणजे पूर्ण. कॉलेजात जाणारी, मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा भोक पाडून घ्यायला रांग लावायची. निखिलनं हजेरीसाठी मोबाईलवर काहीतरी आणलं होतं, ते त्यानं दुसऱ्याच दिवशी मुकाट्यानं बंद केलं.

आणि खेळणार कोण, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तुम्हीच आणलंत. पाचव्या दिवशी सगळ्यांना उठवून स्टँडवर घेऊन गेलात. "कुर्डुवाडीची गाडी लागायला अर्धा तास हाय. ही मानसं मोकळी बसल्यात. ह्यांनी खेळला तर त्यो खेळ. गाडी लागायच्या आत संपला पायजे, आन् गाडी लागली तरी एखादा उठला न्हाय, तर मंग पास." मला आधी लाजच वाटली. पण बाकड्यावर पुठ्ठे मांडले आणि लोक वाकून बघायला लागले. टँकरच्या पाण्याचा एक खेळ होता, त्यात सगळ्यांनी मिळून हंडे भरायचे होते. नऊवारीतल्या एका आजींनी पहिल्याच डावात सगळ्यांचे हंडे आपल्याकडं ओढले. पोरं म्हणाली, आजी, वाटून घ्यायचंय. आजी म्हणाल्या, "आदी माझं भरू द्या, मंग वाटा." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. पोरांनी त्याच दुपारी नियम बदलला, आणि खरा खेळ तेव्हा झाला.

इथपर्यंत सगळं छान होतं. सहाव्या दिवशी आरतीचा खेळ पुढं आला.

आरती अकरावीतली, बारीक आवाजाची, पाच दिवसांत पाच वाक्यंसुद्धा न बोललेली. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पुठ्ठ्यावर एक रस्ता काढला होता. रस्त्यावर फाटे, फाट्यावर मुलींच्या सोंगट्या. एका खेळाडूनं कंडक्टर व्हायचं. फाटा आला की त्यानं पत्ता उचलायचा. 'गाडी फुल.' 'गाडीला उशीर.' 'कंडक्टरचा मूड नाही.' यातला कुठलाही पत्ता आला की डबल बेल, म्हणजे गाडी न थांबता पुढं. मुलीची शाळा बुडाली. दहा वेळा बुडाली की घरचे म्हणतात, बास झालं आता, आणि सोंगटी उचलून बाजूला ठेवायची.

तुम्ही तो तिसरा पत्ता उचलून डोळ्यांजवळ धरलात.

"कंडक्टर म्हंजी काय राक्षस हाय का? मूड न्हाय म्हनं! साठ मानसांचा जीव असतोय मागं. ह्या पोरींना कोन सांगनार?" आणि मग माझ्याकडं वळून, "म्याडम, हे असलं काय तुमी दाखवनार आसाल तर मला ठिवू नका ह्यात."

ताईची म्याडम झाले तेव्हाच कळलं की प्रकरण साधं नाही. आरतीच्या डोळ्यांत पाणी. तुम्ही चिमटा टेबलावर ठेवलात आणि निघून गेलात.

सातव्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मुलं दाराशी कार्डं धरून उभी, आणि चिमटा टेबलावर पडलेला. त्याला हात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे खेळ गावापुढं मांडायचे होते, डेपोतली माणसं तुमच्या शब्दावर बघायला येणार होती. निखिल म्हणाला, आपण तो एक खेळ बाजूला ठेवूया का? आरतीनं ते ऐकलं आणि पुठ्ठा गुंडाळायला लागली. झटपट, सराईतपणे. किती सवय असते आपल्याला, स्वतःहून बाजूला व्हायची.

नाना, आता सांगायची राहिलेली गोष्ट. ती पुठ्ठ्यावरची सोंगटी मी होते.

बावीस वर्षांपूर्वी, आमच्या गावाच्या फाट्यावर. दोन चिंचा आहेत तो फाटा. बारावीचा गणिताचा पेपर, केंद्र परंड्यात. मी पाऊण तास आधी येऊन उभी होते, निळं दप्तर छातीशी धरून. गाडी आली, मी हात केला. तुम्ही दारात उभे होता. आपल्या मार्गावरचे नेहमीचेच कंडक्टर, सगळ्या पोरांना माहीत असलेले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि वरची दोरी दोनदा ओढलीत. नंतरच्या जीपनं पोचले तोवर केंद्राचं दार बंद झालं होतं. घरी आल्यावर दादांना, माझ्या वडिलांना, सांगितलं, गाडी फुल होती. दादा म्हणाले, मग कंडक्टर तरी काय करणार. माझं वर्ष गेलं. एक स्थळही येऊन बघून गेलं. दादांनी नाही म्हटलं म्हणून वाचले. त्या वर्षात मी गावच्या वाचनालयातलं होतं नव्हतं ते सगळं वाचून काढलं, आणि मी ग्रंथपाल झाले त्याचं बी तिथंच पडलं. याबद्दल मी तुमचे आभार मानावेत असं काही नाही. पण झालं ते असं झालं.

तुम्ही निवृत्त होऊन पहिल्यांदा पेपर वाचायला आलात आणि टेबलापाशी गर्दी करून बसलेल्यांना म्हणालात, "जरा पुढं सरका." तो आवाज मी लगेच ओळखला. तुम्ही मला ओळखलं नाहीत. कसं ओळखणार? हजारो पोरी चढल्या-उतरल्या असतील. मी ठरवलं, सांगायचं नाही. पहिल्या वर्षी रागानं सांगितलं नाही. मग तुम्ही रोज यायला लागलात, माझ्या लेकीच्या तापाची चौकशी करायला लागलात, आणि नंतर नंतर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

त्या सातव्या दिवशी दुपारी मी तुमच्या घरी आले, तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. काकूंनी पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत तुम्हीच सुरू झालात.

"ताई, म्या देवाशपथ सांगतो. रिकामी गाडी म्या कुठल्या फाट्यावरनं न्हेली न्हाय. फुल असंल तवाच डबल बेल. फुल गाडीत एक जादा चढला आन् दारातनं पडला तर? कुनाला जाब द्यायचा?"

'ताई' परत आली होती. तुमच्या बोटांना शेंगांच्या टरफलांची माती लागलेली होती. मला नाही जमलं सांगायला. मी एवढंच म्हटलं, "नाना, उद्या या आणि एकदा खेळून बघा. कंडक्टर तुम्हीच व्हा. मग जे म्हणाल ते करू."

तुम्ही धा-वीसला हजर. दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या कार्डाला दोन-दोन भोकं पाडलीत. "कालचंबी पाडतो. तुमी हुता की, मीच नव्हतो." स्वतःच्या कार्डाला मात्र एकच पाडलंत. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, सात भोकांचं.

मग तुम्ही आरतीसमोर बसलात. चष्मा लावलात. तिनं पत्ते पिसून तुमच्यापुढं ठेवले. पहिला फाटा, 'गाडीला उशीर', तुम्ही डबल बेल दिलीत. दुसरा फाटा, तेच. तिसऱ्याला पत्ता उचलायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "पोरी, हितं थांबलो तर कंडक्टरला काय मिळतंय?"

आरती म्हणाली, "काहीच नाही, आजोबा."

"आन् नाय थांबलो तर?"

"गाडी वेळेत पोचती."

तुम्ही पत्त्यांचा गठ्ठा बाजूला सरकवलात. मग म्हणालात, "बरुबर हाय. आसंच हाय. पर एक राह्यलंय ह्यात." आणि पुठ्ठ्यावरच्या गाडीवर बोट ठेवलंत. "गाडी कवाच फुल नसती. गाडी दाराशी फुल असती. आत मोकळी असती. दाराशी हुबारलेली मानसं सरकत न्हाईत, म्हनून फुल दिसती. ह्यो खेळ एकट्या कंडक्टरनं खेळायचा न्हाय. आतल्या प्यासेंजरांनाबी पत्ते द्या. त्यांनी एकेक घर सोडलं तर पोरगी चढती, न्हाय सोडलं तर न्हाय."

आरतीनं तुमच्याकडं पाहिलं आणि कात्री मागितली. दोघांनी मिळून तासाभरात नवे पत्ते कापले. 'मूड नाही'चा पत्ता तुम्ही काढायला सांगाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, राहू द्या, तसंबी असतंय कधी. दुपारी स्टँडवर तो खेळ मांडला. बार्शीला निघालेले एक गृहस्थ आपलं घर सोडेनात, तेव्हा बाकीचे सगळे ओरडले, "अहो, पुढं सरका की!" आणि ते खरोखरच बाकड्यावर सरकून बसले. गाडी लागली तरी दोघंजण उठली नाहीत. तुम्ही चिमट्यानं खेळाच्या पुठ्ठ्यालाच भोक पाडलंत. पास.

पुढं आरतीचा खेळ डब्यांत भरून शाळांना पाठवायचं ठरलं, आणि आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. माझं म्हणणं, खेळाच्या शेवटी मुलगी शाळेत पोचलीच पाहिजे, कुठल्या का वाटेनं असेना. शाळाशाळांतून मुलं हा खेळणार, त्यांनी हरून उठायचं का? तुमचं म्हणणं, हरायला आलं पाहिजे. "पोचनारच म्हनल्यावर कोन कशाला सरकंल, ताई?" वर्षभर आपण यावर वाद घातला. चहा गार व्हायचा आणि तुम्ही कप परत पाठवायचात. आरतीही तुमच्याच बाजूची निघाली, तेव्हा मी मतांत हरले. पण पटलं नव्हतं.

खेळाच्या प्रत्येक डब्यात तीन कोरे पत्ते ठेवायचे, हीसुद्धा तुमचीच सूचना. ज्यानं त्यानं आपल्या फाट्याचं लिहावं म्हणून. शाळांतून डबे परत येतात ते भरून येतात. कुणी लिहितं, 'पासचा फोटो फाटला.' कुणी लिहितं, 'भाऊ म्हणाला आज मी जाणार.' मी तुम्हाला कितीदा म्हटलं, नाना, तुम्हीही एक लिहा. तुमचं ठरलेलं उत्तर, "सुचंल तवा लिव्हीन."

गेल्या सोमवारी काकू वाचनालयात आल्या. पहिल्यांदाच आल्या. तुमच्या घरी असलेला डबा त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं हुतं, ह्यो ताईकडं द्या." मी सवयीनं कोरे पत्ते मोजले. दोनच कोरे होते.

तिसऱ्यावर तुमचं अक्षर. तिरकं, घाईचं, हलत्या गाडीत लिहायची सवय झालेलं.

'दोन चिंचांचा फाटा. परीक्षेचे दिवस. मुलगी, निळं दप्तर. गाडी फुल नव्हती. उशीर झाला होता म्हणून डबल बेल दिली. कंडक्टरने तीन डाव घरी बसावे.'

काकू विचारत होत्या, काय लिव्हलंय? मला वाचून दाखवता आलं नाही. मी म्हटलं, खेळातलंच आहे.

ती मी होते, हे तुम्हाला ठाऊक होतं का, नाना? डबा मुद्दाम माझ्याकडं द्यायला सांगितलात, म्हणजे असेलही. की ती नुसती तुमच्या मनात राहिलेली कुणीतरी मुलगी होती? हे आता कळायचं नाही, आणि मला वाटलं होतं तेवढा त्याचा त्रास होत नाहीये. बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, गाडी फुल होती. तुम्हीही तेच सांगत आलात. आणि बघा, आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मला त्या दिवशी खिडकीतून रिकाम्या सीटा दिसल्या होत्या.

मला राग नाही. हे लिहिताना मी चक्क हसतेय. तीन डावांची शिक्षा! स्वतःचं स्वतःच ठरवून मोकळे झालात.

काकू गेल्यावर मी इथंच राहिलेली तुमची पेन्सिल घेतली आणि त्या पत्त्यावर, तुमच्या अक्षराखाली उरलेल्या जागेत, एक ओळ लिहिली. आपल्या वादात ही ओळ तुमच्याही बाजूची नाही आणि माझ्याही. तुम्ही असता तर पत्ता माझ्या हातातून ओढून घेतला असतात. पण आता तो छापून प्रत्येक डब्यात असाच जाणार आहे, माझ्या ओळीसकट.

'मुलगी पुढच्या वर्षी पोचली. कंडक्टरला पुन्हा खेळात घ्यावे.'